शाळकरी मुलांचा डबा : त्याचा वाटा शेतातच राखावा

मुळशी तालुक्यात शाळेचा हंगाम आणि भाताचा हंगाम एकाच सुमारास सुरू होतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, त्याच वेळी रोपवाटिका हिरव्या होऊ लागतात आणि जुलैत घरातील सर्व कर्ती माणसे लावणीसाठी खाचरात उतरतात. ज्या घरांतील माणसे पिरंगुटच्या बाजूच्या कारखान्यांत कामास जातात, त्यांनाही पहिल्या पाळीसाठी पहाटेच बाहेर पडावे लागते. अशा घाईच्या वेळी न्याहारी, शेतावरची भाकरी आणि मुलांचा डबा ही तिन्ही कामे एकाच चुलीवर येऊन पडतात. पहिली दोन कामे टळत नाहीत. टळतो तो बहुधा डबा. मग मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले जातात, अथवा रात्रीचा उरलेला भात डब्यात भरला जातो.

ही गोष्ट वरवर लहान दिसते. परंतु वर्षातील दोनशेवीस दिवस ती घडत राहिली, तर तिचा परिणाम मुलाच्या उंचीवर, रक्तावर आणि अभ्यासावर झाल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच डबा हा केवळ गृहिणीच्या कामाचा भाग न मानता तो शेतीच्या आखणीचा भाग मानला पाहिजे.

लांबची शाळा, लांबचा दिवस

मुळशीचा मुलूख डोंगराळ असून वस्ती विखुरलेली आहे. नद्यांच्या खोऱ्यातील जुनी गावे धरणाच्या जलाशयाखाली गेली. या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सर्वांस माहीत आहे. आज अनेक वाड्यावस्त्या जलाशयाच्या काठाने आणि डोंगराच्या उतारांवर आहेत. पहिलीची शाळा बहुधा जवळपास असते. परंतु माध्यमिक शाळेसाठी मुलांना पौड, पिरंगुट यांसारख्या मोठ्या गावी यावे लागते. आधी वस्तीपासून सडकेपर्यंत पायवाट, मग एस.टी.ची वाट पाहणे, मग शाळा, आणि संध्याकाळी हाच क्रम उलट. ग्रामीण भागातील इयत्ता पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. त्यामुळे प्रवासाचा खर्च वाचतो. प्रवासाचा वेळ मात्र कमी होत नाही. साडेदहाच्या शाळेसाठी आठच्या सुमारास घर सोडणारे मूल दिवेलागणीच्या आत परतेलच असे नाही. म्हणजे दहा-दहा तास ते घराबाहेर असते.

आठवीनंतर थांबणारे ताट

इयत्ता आठवीपर्यंत या भुकेची काही सोय शासनाने केली आहे. शाळेतील आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिलेल्या आदेशानंतर मुलांना शिधा देण्याऐवजी शिजवलेले अन्न देण्याची पद्धत रूढ झाली. आज ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे.

नववीत पाऊल पडताच हे ताट थांबते. नेमके त्याच वयात मुलांची भूक सर्वांत अधिक वाढते. मुलांची उंची झपाट्याने वाढू लागते, मुलींना मासिक पाळी सुरू झालेली असते आणि अनेकांची शाळाही याच सुमारास लांब पडते. कालपर्यंत शाळेत जेवणारे मूल आज रिकाम्या पोटी दुपार काढते आहे, हे पालकांच्या पुष्कळदा ध्यानातही येत नाही. डब्याची खरी आवश्यकता येथे आहे.

वाढत्या वयाची गरज

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरविलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीस दिवसाला सुमारे २,४०० आणि मुलास सुमारे २,८६० उष्मांक लागतात. दोघांनाही सुमारे ४३ ते ४५ ग्रॅम प्रथिने आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे चुना हवा. लोहाची गरज मुलास २२, तर मुलीस ३० मिलिग्रॅम आहे. दुपारच्या डब्याने या गरजेचा निदान तिसरा हिस्सा भागवावा.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे जरूर आहे. लोहाच्या बाबतीत मुलीची गरज मुलापेक्षा अधिक आहे. तरीही अनेक घरांत भरलेला डबा मुलास आणि उरलेले मुलीस, असा क्रम चालतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. रक्त कमी असलेली मुलगी आळशी नसते, ती थकलेली असते. चढावर तिला धाप लागते, दुपारच्या तासाला तिचे डोळे मिटतात, आणि हळूहळू शाळाच नकोशी होते. शाळेत दर आठवड्यास लोहाची गोळी मिळते. ती रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, म्हणून काही मुली ती टाकून देतात. जिच्याजवळ डबा असतो, तिच्या अंगी ती गोळीही लागते.

भात आहे, भाताला सोबत हवी

मुळशीचा आंबेमोहोर सुवासाकरिता प्रसिद्ध आहे. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी वाणानेही या भागात चांगले मूळ धरले आहे. तांदूळ बळ देतो. परंतु पांढऱ्या तांदळात चुना व लोह फारच थोडे असते आणि प्रथिनेही एकट्याने पुरेशी होत नाहीत. तांदळाला जे उणे आहे, ते मुळशीच्या मातीत पिकते. फक्त ते डब्यापर्यंत पोहोचत नाही.

नाचणी त्यांत पहिली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. वरकस जमिनीत येणारे हे धान्य पूर्वी गरिबीचे चिन्ह मानले गेले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यापासून शहरात त्याला मागणी आली. नाचणी विकून आलेल्या पैशातून मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणावयाचे, हा व्यवहार मात्र तोट्याचा आहे.

डोंगरउतारावरील खुरासणी अथवा कारळे हे दुसरे धन होय. त्याच्या चटणीत स्निग्धांश, प्रथिने व खनिजे एकत्र मिळतात. बांधावरची तूर, भातानंतर ओलीवर येणारा हरभरा, वाल व मसूर, उतारावरचे हुलगे ही कडधान्ये तिसरी. परसातील शेवगा, लिंबू व पेरू, डोंगरातील आवळा आणि पावसाळ्यातील टाकळा व कुर्डूची भाजी ही चौथी. रानभाजी मात्र जाणत्या माणसाने ओळखलेलीच घ्यावी.

डब्याचे चार भाग

डबा भरताना पुढील चार भाग ध्यानात ठेवले, म्हणजे वेगळे मोजमाप करावे लागत नाही.

१. बळासाठी : नाचणीची, तांदळाची अथवा ज्वारीची दोन भाकऱ्या, किंवा तीन पोळ्या.

२. वाढीसाठी : मोड आलेल्या कडधान्याची कोरडी उसळ, घट्ट झुणका, किंवा खात असल्यास एक-दोन उकडलेली अंडी.

३. रक्त व हाडांसाठी : कारळे, तीळ अथवा शेंगदाण्याची चटणी; पालेभाजी; खाणाऱ्यांच्या घरी सुकटीची चटणी.

४. आंबटासाठी : लिंबाची फोड, पेरू, आवळा किंवा हंगामी फळ. धान्य व कडधान्यातील लोह अंगी लागण्यास 'क' जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून लिंबाची फोड ही केवळ चवीची वस्तू समजू नये.

उदाहरणादाखल, १०० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या, ४० ग्रॅम मटकीची उसळ आणि ३० ग्रॅम शेंगदाणे व २० ग्रॅम गूळ यांचा लाडू एवढ्या डब्यातून सुमारे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅमांहून अधिक प्रथिने मिळतात. दिवसाच्या चुन्याच्या गरजेचा तिसरा हिस्सा एकट्या नाचणीतूनच भागतो. आठवीपर्यंत शाळेच्या ताटात जे मिळत होते, ते नववीच्या मुलास घरच्या धान्यातून असे देता येते.

आठवड्याची आखणी

रोज पहाटे "आज काय द्यावे" या विचारातच वेळ जातो. आठवडा आधी ठरविला असता तो वाचतो. रविवारी लाडू व चटणी करून ठेवावी. कडधान्य आदल्या सकाळी भिजत घालून रात्री बांधून ठेवावे. पावसाळ्यात मोड येण्यास अधिक वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधी सुरुवात करावी आणि कडधान्य मधून मधून धुवावे, म्हणजे वास येत नाही. पहाटे फक्त भाकरी व फोडणी एवढेच काम राहते.

सोमवार : नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, लिंबू.

मंगळवार : तांदळाची भाकरी, घट्ट झुणका, कांदा, पेरू.

बुधवार : नाचणीची भाकरी, पावट्याची अथवा वालाची उसळ, शेंगदाण्याचा लाडू.

गुरुवार : पोळी, पालेभाजी डाळ घालून, उकडलेले अंडे किंवा भाजलेले हरभरे.

शुक्रवार : नाचणी, तांदूळ, हरभरा डाळ व उडीद यांच्या भाजणीचे थालीपीठ, तिळाची चटणी.

शनिवार : अर्धी शाळा असल्यास शेंगदाणे घातलेले पोहे व लिंबू.

लावणीच्या धांदलीत यातील एखादा पदार्थ सुटला तरी हरकत नाही. परंतु भाकरीबरोबर चटणी आणि मूठभर भाजलेले हरभरे-शेंगदाणे एवढे तरी प्रत्येक डब्यात असावेच. घरातील वडील माणसांनी व पुरुषांनीही भाजणे, कुटणे, डबे भरणे या कामांत हात घातला, तर सारा भार एकट्या आईवर पडणार नाही. नववीतील मुलगा असो वा मुलगी, आपला डबा आपण भरण्यास त्यांनीही शिकले पाहिजे.

पाणी आणि पेये

डब्याइतकेच महत्त्व पाण्यास आहे. निदान एक लिटरची झाकणाची बाटली प्रत्येक मुलाजवळ असावी. पावसाळ्यात विहिरी व झरे गढूळ होतात. असे पाणी फडक्यातून गाळून खळखळ उकळावे व झाकून निववावे. किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून क्लोरीनचे औषध घेऊन त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात घालावे आणि अर्धा तास थांबून वापरावे. बाटली रोज आतून घासून उपडी वाळवावी.

पुष्कळ मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाची सोय नीट नसते. त्यामुळे डोके दुखणे व लघवीची जळजळ अशा तक्रारी उद्भवतात. हा दोष मुलीचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांनी पाण्याचा व स्वच्छतागृहाचा प्रश्न एकत्रच मांडावा.

घर सोडण्यापूर्वी चहा-खारी देण्याऐवजी नाचणीची आंबील द्यावी. रात्री दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी ते शिजवून त्यात ताक, मीठ व जिरे घालावे. पोटाला आधार देणारे हे पेय दहा मिनिटांत होते. आंबील व ताक घरीच प्यावे. बंद बाटलीत दुपारपर्यंत ती अधिक आंबतात. बरोबर न्यावयाचेच असेल, तर लिंबाचे अथवा आमसुलाचे सरबत उकळून निवविलेल्या पाण्यात, थोडा गूळ व मीठ घालून न्यावे. गूळ हीसुद्धा साखरच आहे, म्हणून तो बेताने घालावा.

जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही. चहा घ्यावयाचाच असेल, तर जेवणापासून तासाभराच्या अंतराने घ्यावा. दुकानातील गोड शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते, आणि त्याखेरीज उपयोगाचे काहीच नसते. तळलेल्या पुडीचीही तीच गत आहे. तिने भूक मोडते, परंतु भागत नाही.

डबा भरताना

अन्न गरम असताना डब्याचे झाकण लावल्यास आत वाफ धरते व अन्न लवकर खराब होते. भाकरी ताटात उघडी ठेवून वाफ जाऊ द्यावी, मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावी. नाचणीची भाकरी दुपारी कडक होते अशी तक्रार असते. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी व ती मळून भाकरी थापावी, म्हणजे ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. उसळ व भाजी कोरडी ठेवावी. तिला ओले खोबरे लावू नये.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात देण्याची चाल मोडली पाहिजे. शिजलेला भात रात्रभर उबेत राहिला की त्यात काही जंतू वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास चांगला असला तरी असा भात उलट्या व जुलाब घडवू शकतो. भात द्यावयाचा तर पहाटे शिजविलेला, निववून द्यावा आणि तो दुपारच्या पहिल्या सुट्टीतच खावा.

डबा स्टीलचा असावा. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या अथवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत. मुळशीच्या दमट हवेत शेंगदाण्यास बुरशी लवकर लागते. काळवंडलेले, सुरकुतलेले व कडू दाणे निवडून टाकावेत, ते भाजूनही खाण्याजोगे होत नाहीत. दाणे व पिठे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि पावसाळ्यात थोडीथोडीच दळून आणावीत.

वर्षाचा हिशेब

डबा रोज निघावयाचा असेल, तर त्याची बेगमी सुगीतच झाली पाहिजे. वर्षात शाळेचे सुमारे २२० दिवस धरले आणि वर दिलेले प्रमाण घेतले, तर एका मुलाच्या डब्यास वर्षभरात ११ किलो नाचणी, ११ किलो तांदूळ वा अन्य धान्य, ९ किलो कडधान्य आणि ७ किलो शेंगदाणे, तीळ व कारळे मिळून लागतात.

हे प्रमाण मोठे नाही. नाचणीचे उत्पन्न हेक्टरी केवळ दहा क्विंटल धरले, तरी एका गुंठ्यात दहा किलो नाचणी होते. म्हणजे एका मुलाच्या वर्षाच्या डब्याची नाचणी सव्वा गुंठ्यात पिकते. बांधावर टोकलेली तूर, भातानंतर खाचराच्या ओलीवर पेरलेला हरभरा आणि उताराच्या कडेची कारळ्याची एक पट्टी यांतून कडधान्य व तेलबियांची बरीच भर पडते. शेंगदाणे तेवढे बाजारातून आणावे लागतात. घराजवळ सांडपाणी जाते तेथे एक शेवगा, एक लिंबू व एक पेरू लावला, म्हणजे डब्याचा चौथा भागही घरचाच होतो.

जाणता शेतकरी मळणी झाल्यावर प्रथम बियाणे बाजूला काढतो. कितीही नड आली तरी तो ते विकत नाही, कारण पुढचे पीक त्यात असते, हे त्याला ठाऊक असते. मुलांच्या डब्याचा वाटाही त्याच वेळी, त्याच निश्चयाने बाजूला काढून वेगळ्या कणगीत वा डब्यात ठेवावा. मग उरलेले धान्य बाजारात न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांनी खरिपाच्या बैठकीत भातवाणांबरोबर नाचणी, कारळे व बांधावरची तूर यांचा विषय घ्यावा, आणि प्रत्येक घरात नववी-दहावीची किती मुले आहेत हे विचारून वरील हिशेब त्या घरापुरता मांडून दाखवावा. आशा व अंगणवाडी सेविकांनी महिलांच्या बचतगटात उकडीच्या नाचणी भाकरीचे व मोड आणण्याचे प्रात्यक्षिक करावे. नुसत्या भाषणापेक्षा दुपारी दोन वाजता हातात घेऊन मोडून पाहिलेली मऊ भाकरी अधिक पटते. बचतगटास भाजणी, लाडू व चटण्या एकत्र करून सभासदांच्या घरी वाटून घेता येतील. त्यामुळे लावणीच्या दिवसांतही डबे अडत नाहीत.

शिक्षकांच्या संमतीने महिन्यातून एकदा दुपारच्या सुट्टीत डबे पाहावेत. हेतू कोणास लाजविण्याचा नसावा. ज्याच्याजवळ डबाच नाही, असे मूल त्या वेळी ध्यानात येते. त्याच्या घरी जाऊन अडचण समजून घ्यावी. कित्येकदा ती धान्याची नसून पहाटेच्या वेळेची असते, आणि शेजारच्या घराच्या मदतीने सुटण्यासारखी असते. मोलमजुरीवर जगणाऱ्या व भूमिहीन कुटुंबांच्या घरी मात्र अडचण धान्याचीच असू शकते. तेथे उपदेश न करता शिधापत्रिका व तिच्यावरील धान्य मिळते की नाही, हे प्रथम पाहावे.

घराबाहेर दहा तास काढणारे मूल दुपारी डबा उघडते, तेव्हा त्याच्यासमोर घरच्या शेताचे पीक असावे. सव्वा गुंठा नाचणी आणि पहाटेची अर्धी घटका एवढाच त्याचा खर्च आहे. येत्या सुगीत बियाण्याशेजारी डब्याचा वाटा राखला, तर पुढील जूनमध्ये पायवाटेने सडकेवर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या दप्तरात तो भरलेला असेल.